बारा, तेवीस आणि कात्रीवाले उंदीर

बाईंनी जगातल्या सगळ्या माणसांची दोन गटांत वाटणी करून टाकली होती: बारा आणि तेवीस. बारा म्हणजे कमी बोलणारी माणसं. तेवीस म्हणजे समोरच्याचा चहा गार होऊन त्यावर साय धरली तरी न थांबणारी. दोन तेवीस एका खोलीत बसवले तर मीटिंग संपत नाही, आणि दोन बारा बसवले तर ती सुरूच होत नाही. म्हणून कुठल्याही कामाला एक बारा आणि एक तेवीस लावायचा, असा त्यांचा दंडक होता. परळच्या आमच्या संशोधन संस्थेत त्या प्रयोगशाळेच्या प्रमुख होत्या आणि हा दंडक त्या फ्रीज साफ करण्याच्या पाळीलासुद्धा लावत.

हा नियम मी केलेला नाही, आपल्या शरीरानं केलाय, असं त्या म्हणायच्या. आणि ते खरं होतं. आपल्या रक्तातल्या काही पांढऱ्या पेशी जंतू ओळखायला अंगावर गळासारखे आकडे वागवतात. त्या आकड्यांचा मजकूर आपल्या जनुकांत एका जागी, सलग लिहिलेला नसतो. तो चौदाव्या क्रोमोसोमवर, म्हणजे जनुकांच्या एका लांब धाग्यावर, तुकड्यातुकड्यांनी रांगेत मांडलेला असतो. आधी व्ही नावाच्या तुकड्यांची लांबलचक रांग, मग डी तुकड्यांची, मग जे तुकड्यांची. प्रत्येक पेशी प्रत्येक रांगेतून एकेक तुकडा उचलते, मधलं कापून टाकते आणि उचललेले जोडते. म्हणून प्रत्येकीचा आकडा वेगळा. आता कुणी कुणाशी जुळायचं, तर त्याच्या खुणा तुकड्यांच्या कडेला असतात. काही खुणांच्या पोटात बारा अक्षरांचं अंतर असतं, काहींच्या तेवीस. बारावाला फक्त तेवीसवाल्याशीच जुळतो.

"सगोत्रात लग्न करत नाहीत ना, तसंच," बाई म्हणायच्या. "फक्त इथे पत्रिका कुणी पाहत नाही."

मी बारा आहे, हे त्यांनी माझ्या मुलाखतीतच ठरवलं. सहायकाच्या जागेसाठी मी गेलो होतो. समोर चार जण. एकाने विचारलं, "तुम्हाला इथे का काम करायचंय?" मी म्हणालो, "वाचायला आवडतं." आणि गप्प बसलो. ते चौघे मी पुढे काही बोलेन म्हणून थांबले. मला पुढे काही सुचत नव्हतं. पंखा फिरत होता. शेवटी बाई टेबलावर हात आपटून म्हणाल्या, "घ्या ह्यांना! माझ्याकडे सगळे तेवीस भरलेत." त्या दिवसापासून मी 'अहो बारा' झालो. माझं खरं नाव त्यांना माहीत असावं, कारण पगाराच्या कागदावर त्या सही करत.

संस्थेत बाकी सगळे त्यांना मॅडम म्हणत. मी बाई म्हणू लागलो तो त्यांच्याच सांगण्यावरून. "मॅडम म्हटलं ना, की मला घरात चप्पल घालून बसल्यासारखं वाटतं," त्या म्हणाल्या होत्या.

त्यांच्याकडे साड्या सतरा होत्या आणि ब्लाउज तेवीस. सगळ्या जोड्या संपेपर्यंत एक जोडी पुन्हा नेसायची नाही, हा नेम. रोज सकाळी साड्यांच्या थप्पीतून डोळे मिटून एक ओढायची, ब्लाउजांच्या थप्पीतून एक, आणि जे हाती येईल ते वहीत टिपून अंगावर घालायचं. जांभळ्या साडीवर पोपटी ब्लाउज, लाल चौकटीच्या साडीवर बिस्किटी फुलांचा. एकदा मला त्यांच्याबरोबर दादरला एका मॅचिंगच्या दुकानात जावं लागलं. दुकानदार त्यांना ओळखून असावा, कारण त्यांना पाहताच त्याने गल्ल्यावरून उठून आत जायला सुरुवात केली होती.

"ह्या साडीवर न जाणारं दाखवा," बाई म्हणाल्या.

"म्हणजे, मॅचिंगच ना मॅडम?"

"मॅचिंग नको. मॅचिंग म्हणजे आळस. न जाणारं."

त्याने दुखावलेल्या चेहऱ्याने एक केशरी ताका खाली घेतला. "हा ह्याच्यावर जातच नाही हो."

"द्या. आणि हे बघा, बाहीच्या सांध्यावर तिसऱ्याच कापडाची पट्टी लावायची. असं कापड, जे साडीतही नाही आणि ब्लाउजातही नाही."

बाहेर आल्यावर मी कारण विचारलं नाही, तरी त्यांनी सांगितलं. तुकडे जोडताना पेशी सांध्यावर चार-दोन अक्षरं स्वतःच्या मनानं घालते. ती कुठल्याच तुकड्यात लिहिलेली नसतात, आईकडून आलेली नसतात की बापाकडून. "आणि खरी गंमत त्या सांध्यात असते, अहो बारा. बाकी सगळं उसनं." हे त्या कबूतरखान्याच्या बाजूला, भर रहदारीत, केशरी कापड हवेत फडकावत सांगत होत्या. एक टॅक्सीवाला थांबला. त्याला वाटलं, त्यालाच हात केलाय.

बाई लालबागच्या एका चाळीत आईबरोबर राहत. तीन मजले, लांब गॅलऱ्या, एक्केचाळीस बिऱ्हाडं. लग्न केलं नव्हतं. क्वार्टर मिळत होतं, ते घेतलं नाही. त्यांची आई पूर्वी त्याच दोन खोल्यांत गिरणीवाल्या गाववाल्यांसाठी खानावळ चालवायची. तिच्या हातचं जेवून दोन पिढ्या कामावर गेल्या होत्या. आता खानावळ बंद होती, पाय थकले होते, पण मालवणी जीभ थकली नव्हती. आईही तेवीस. आणि तेवीस आणि तेवीस कधी थेट जुळत नाहीत. शरीरातही व्ही आणि जे दोघे तेवीसवाले असतात, म्हणून मध्ये डी लागतो, ज्याच्या दोन्ही कडांना बारा असतात. हे सगळं मला सांगून बाई म्हणाल्या, "तेव्हा शनिवारी दुपारी जेवायला या. आमच्या मध्ये बसायला माणूस हवंय."

अशी अठरा वर्षं मी दर शनिवारी त्या दोघींच्या मध्ये बसून बांगड्याचं तिखलं खाल्लं. काम एवढंच, की दोघी एकदम बोलायला लागल्या की मी पाणी मागायचं.

चाळीत बाईंविषयी सगळ्यांना एकच गोष्ट ठाऊक होती: ताई रक्त तपासते. त्यामुळे सकाळी कामावर निघताना जिन्यात दोन-तीन माणसं साखरेचे रिपोर्ट घेऊन उभी असत. बाई कुणाला परत पाठवत नसत. चष्मा कपाळावर नेऊन कागद नाकाशी धरत आणि म्हणत, "साखर वाढलीय, राणेकाकू. डॉक्टरांकडे जा. पण घाबरू नका, तुमचा चौदावा क्रोमोसोम एकदम उत्तम असणार." राणेकाकू ते चाळभर सांगत. चौदावा उत्तम असणं ही त्या चाळीत मोठी गोष्ट झाली होती. एका मुलीच्या लग्नाच्या बोलणीत तो निघाला होता, असं मी ऐकलं आहे.

खुद्द आईलाही तेवढंच ठाऊक होतं. आणि एका शनिवारी, पंच्याऐंशी उलटल्यावर, तिने भात वाढता वाढता हात थांबवला.

"गो, तू करतंस तरी काय नक्की?"

"आये, शंभर वेळा सांगितलंय."

"शंभर येळा सांगितलंस, एक येळ कळला नाय. आता मी जातलंय. वर गेल्यावर थंय इचारतीत, तुझा चेडू काय करी? मी काय सांगू? रगत तपासता म्हणान सांगू? रगत तर तो नाक्यावरचो पोरगोपण तपासता."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी घास खाली ठेवला. मी पाणी मागितलं, पण कुणाचं लक्ष नव्हतं. आपण काय करतो हे मोठमोठ्या सभांत सांगणारी ही बाई, आणि जिला ते कळायला हवं तिलाच ते सांगता येत नव्हतं. त्यातून वेळ थोडा. जिन्यापर्यंत सोडायला आल्या तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो बारा, आईला कळेल असं सांगायचंय. ती जायच्या आत. बाकीचे पेपर नंतर."

पहिला प्रयत्न मसाल्यावर झाला. लालबागच्या मसाल्याच्या दुकानांतून बाईंनी तीन पिशव्या आणल्या. एकीत पाच प्रकारच्या मिरच्या, दुसरीत धणे-बडीशेप-खसखस, तिसरीत दगडफूल, नागकेशर वगैरे. आईसमोर ओट्यावर मांडून म्हणाल्या, "हे बघ आये. ह्यातून एक, ह्यातून एक आणि ह्यातून एक. झाला मसाला! दर वेळी वेगळा!"

परीक्षेत नापास झालेल्या मुलाकडे शिक्षक पाहतात, तसं आईने त्यांच्याकडे पाहिलं.

"एक मिरची, एक धणो आणि एक दगडफूल?"

"हो."

"तेचो मसालो?"

"हो ना!"

"तुझी पेशी खुळी आसा," आई म्हणाली, आणि तिन्ही पिशव्या उचलून तिने सगळं एकत्र केलं आणि कांडपाला पाठवलं. मसाला उत्तम झाला. विज्ञान तिथेच राहिलं.

दुसरा प्रयत्न फुलांवर. आईने फुलांचा गजरा करून देवाला वाहिला आणि विचारलं, "बरा, आता सांग." तिसऱ्याची हकीकत मी सांगत नाही, कारण त्यात माझ्या स्वेटरचे तुकडे झाले.

मग गणपती जवळ आले. लालबागच्या मोठ्या मंडळांच्या सावलीत त्या चाळीचा आपला एक छोटा गणपती बसायचा, आणि पुढे एक हलता देखावा. आदल्या वर्षी पाण्याखालचा महाल होता, ज्यात खरं पाणी शिरलं होतं. चाळीच्या सभेत बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "यंदाचा देखावा मी करणार. विषय: मानवी प्रतिकारशक्तीच्या जनुकांची रचना."

सेक्रेटरी परबकाका विम्याचं काम करत, त्यामुळे कुठल्याही वाक्याने ते दचकत नसत. "ह्यात देव कुठे बसतो, ताई?"

"सगळीकडे. आपल्या चाळीत बिऱ्हाडं एक्केचाळीस. माणसाच्या चौदाव्या क्रोमोसोमवर चालू स्थितीतले व्ही साधारण तितकेच! हा योगायोग आहे का, परबकाका?"

"मग काय आहे?"

"योगायोगच आहे. पण किती छान!"

मग त्यांनी पाऊण तास समजावून सांगितलं. क्रोमोसोमवरही काही खोल्या कुलूपबंद असतात, पाटी लावलेली पण आत कोणी नाही. काही व्ही तर आपली रांग सोडून पार पंधराव्या आणि सोळाव्या क्रोमोसोमवर जाऊन पडलेत. तिथे त्यांना काडीचं काम नाही. "चाळ सोडून गेलेले आपले सावंत नाही का, नालासोपाऱ्याला?" ह्यावर सभेत प्रथमच माना हलल्या.

"आणि शेवटी जे. ते चालू स्थितीतले सहा. म्हणजे आपली कमिटी."

"कमिटीत सात जण आहेत," परबकाका म्हणाले.

"चालू स्थितीतले म्हटलं मी."

सगळ्यांनी परबकाकांकडे पाहिलं. परबकाकांनी विषय मंजूर केला.

यंत्राचं काम अँथनीअंकलकडे आलं. ते तळमजल्यावर राहत, गोदीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले होते आणि चाळीच्या गणपतीचा प्रत्येक देखावा त्यांनीच हलवला होता. "नो टेन्शन, ताई," ते म्हणाले. "जुन्या वॉशिंग मशीनची मोटर आहे. काय पण ओढेल." ठरलं असं: पहिल्या मजल्याच्या गॅलरीच्या बाहेरून एक दोर जाणार, त्याला व्ही म्हणून एक्केचाळीस फळ्या, पुढे डी, मग जे, त्यातला एक डी एका जेला आधीच जोडलेला. मोटर सुरू झाली की कागदाच्या लगद्याचे दोन मोठे उंदीर कात्र्या घेऊन दोरावरून सरकणार. शरीरात हे कापण्याचं काम दोन प्रथिनं जोडीने करतात. गणपतीपुढे ती उंदीरच असणार, यावर कुणाचं दुमत नव्हतं. उंदीर दोन कड्या सोडवणार, मधल्या फळ्या खाली पडणार, उरलेली टोकं जुळणार, आणि वर दिवा लागणार. आई समोर खुर्चीत बसून पाहणार आणि तिला कळणार.

फळ्या आणायच्या कुठून? इथे चूक झाली, आणि ती त्या चाळीतच होऊ शकत होती. परबकाका म्हणाले, "प्रत्येक बिऱ्हाडाने आपली एक फळी द्यायची." लोकांनी उत्साहाने दिल्या. कुणी जुन्या पलंगाची दिली, कुणी देव्हाऱ्याची, राणेकाकूंनी सासूबाईंचा पाट दिला. आणि आपल्याकडे दिलेल्या वस्तूवर नाव घातल्याशिवाय दिल्याचं समाधान होत नाही. देवळातल्या पायरीवर असतं, पंख्याच्या पात्यावर असतं, तसं इथे प्रत्येक फळीवर ठळक पिवळ्या रंगात आडनाव आलं. राणे. गावडे. मयेकर. एक्केचाळीस आडनावं, ओळीने. बाईंना ते फार आवडलं. "वा! प्रत्येक व्हीला नाव असतंच!" त्या म्हणाल्या. पुढचा विचार त्यांनी केला नाही, मीही केला नाही, आणि मी तर बारा असून विचारच करत असतो.

पहिल्या दिवशीची संध्याकाळची आरती झाली. अंगण भरलं होतं. आई पुढे खुर्चीत. बाईंनी लाल साडीवर तो केशरी ब्लाउज घातला होता. अँथनीअंकलनी बटण दाबलं. मोटर घरघरली, उंदीर डुलत डुलत निघाले, टाळ्या पडल्या. एक उंदीर गावड्यांच्या फळीपाशी थांबला, दुसरा डीच्या रांगेत. कात्र्या उघडल्या. मिटल्या. आणि मधली सव्वीस बिऱ्हाडं धडाधड अंगणात कोसळली.

वर दिवा लागला. गावडे एका डीला जाऊन चिकटले. सगळं अगदी बरोबर झालं होतं.

पहिला आवाज राणेकाकूंचा. "अगं बाई! माझ्या सासूबाई पडल्या!"

मग एकदम गलका. "आमचं नाव पायाखाली आलं!" "सणासुदीचं कापून टाकलं आम्हाला!" "आणि गावडे तेवढे वर?" गावडे बिचारे कोपऱ्यात उभे होते, पण त्यांच्या बायकोने तेवढ्यात पेढ्यांचा पुडा फोडला होता.

बाईंनी माइक घेतला. "शांत व्हा! यात वैयक्तिक काही नाही! ही निवड आंधळी असते!"

"आंधळी?" राणेकाकू म्हणाल्या. "मग तिला गावड्यांचंच बरं दिसलं?"

त्याच वेळी वॉर्डाच्या देखावा स्पर्धेचे परीक्षक आत आले. त्यांनी पडलेल्या फळ्या पाहिल्या, रागावलेली माणसं पाहिली, वहीत 'यांत्रिक बिघाड, सहानुभूती' असं लिहिलं आणि प्रसाद घेऊन गेले.

तिथल्या तिथे सभा भरली. सव्वीस बिऱ्हाडं खाली पडली म्हणून चिडलेली, चौदा दोरावर नुसतीच लटकत राहिली म्हणून. परबकाका म्हणाले, "पाळी लावू. दर आरतीला एकेक बिऱ्हाड वर." बाई म्हणाल्या, पाळी चालणार नाही, शरीरात वेळापत्रक नसतं, हे अचानकच व्हायला हवं. शेवटी चिठ्ठ्या टाकायचं ठरलं. चिठ्ठी काढणार आई, कारण त्या चाळीत तिच्या हातचं न जेवलेलं बिऱ्हाड नव्हतं आणि ती कुणाची बाजू घेईल असं कुणी म्हणू शकत नव्हतं.

राहिला प्रश्न पडणाऱ्या फळ्यांचा. नाव पायाखाली जाता कामा नये, ह्यावर सगळे ठाम होते. अँथनीअंकल ते एका रात्रीत सोडवून आले. दुसऱ्या दिवशी उंदरांनी कात्र्या मिटल्या, पण फळ्या पडल्या नाहीत. सुटलेल्या दोराची दोन टोकं आपसांत अडकली, आणि नावांचं ते मोठं कडं हळूहळू वर चढून गणपतीच्या मागे प्रभावळीसारखं उभं राहिलं. राणेकाकूंनी सासूबाईंना देवाच्या बरोबर डोक्यावर पाहिलं आणि हात जोडले.

बाई किंचाळल्या. मला वाटलं, शॉक लागला.

"अंकल! हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"काय?"

"कापलेल्या तुकड्याचं कडं होतं म्हणून! खरंच होतं! पेशीत कापून टाकलेला भाग असाच टोकाला टोक जुळवून गोल होऊन राहतो! मी ते दाखवायचंच सोडून दिलं होतं, कुणाला कळणार म्हणून!"

अँथनीअंकलनी खांदे उडवले. "कोण सांगणार? एवढी नावं उरली, तर काय फेकून देणार काय, ताई?"

पुढे रोज आरतीनंतर आई स्टीलच्या डब्यातून चिठ्ठी काढायची, परबकाका ती विमा मंजूर झाल्यासारखी वाचायचे, अंकल उंदीर सरकवायचे. एक दिवस मयेकर, एक दिवस कदम. गौरी गेल्या त्या संध्याकाळी आईने चिठ्ठी हातातच धरून ठेवली.

"गो, एक सांग. आज हो, काल तो, उद्या कोण म्हायत नाय. इतकी तयारी चललीहा. पण येतलो कोण हा?"

बाई तिच्या खुर्चीपाशी खाली बसल्या. "तेच तर, आये. कोण येणार ते कुणालाच माहीत नाही. असा जंतू येईल, जो जन्मात कुणी पाहिला नाही. म्हणून आधीच सगळ्या तऱ्हेचे आकडे करून ठेवायचे. त्यातला एखादा तरी लागतो."

आईने चिठ्ठी डब्यात टाकली.

"अगो, मगे ही तर माझी खानावळ!"

"काय?"

"सांजेक कोण येतलो ता माका खंय म्हायत असायचा? गावसून कोणय उठून येय. एकाक तिखट चलना नाय, एकाक उपास, एकाचा पोट बिघडला. मी काय, पन्नास तरेचा जेवान करी? दोन भाजये, तीन सारां, भात नायतर भाकरी. ह्यातला एक, त्यातला एक. आयलेल्या माणसाक त्यातला कायतरी लागाच. आणि वर माझ्या मनाचा चिमूटभर कायतरी." तिने डब्याचं झाकण लावलं. "म्हणजे तू न आयलेल्या पावण्याची तयारी बघतंस. असा सांग मगे. रगत तपासतंय म्हणान कित्याक सांगतंस?"

एवढ्या वर्षांत बाई गप्प बसलेल्या मी तेव्हाच पाहिल्या. मग त्यांनी पिशवीतून साड्यांच्या जोड्यांची वही काढली आणि आईचं वाक्य तिच्यात, त्या दिवसाच्या साडीखाली, लिहून घेतलं. आई मात्र थांबली नव्हती. खानावळीत कोण कधी अचानक आलं आणि त्याला काय वाढलं, हे ती पुढे दीड तास सांगत होती, आणि बाई मध्येच "म्हणजे सांध्यावर लोणचं! आये, सांध्यावर!" असं ओरडत होत्या. मी दोनदा पाणी मागितलं.

देखाव्याला सहभागाचं प्रमाणपत्र मिळालं. ते गावड्यांकडे लावलं आहे.

बाई गेल्या त्याला आता चार महिने होतील. चार दिवसांचा ताप. पाहुणा कोण होता, ते शेवटपर्यंत डॉक्टरांनाही नीट उमगलं नाही. ज्या माणसाने आयुष्यभर त्याची तयारी पाहिली, त्याच्याच घरी तो असा यावा, ह्यावर बाई काहीतरी लांबलचक बोलल्या असत्या. मला एवढंच लिहिता येतं, आणि एवढं लिहायलाही वेळ लागला.

दहा दिवस लोक भेटायला येत होते. दाराशी अँथनीअंकल खुर्च्या मांडायचे. संस्थेतली मोठी माणसं आली, त्यांनी आईला बाईंच्या कामाविषयी इंग्रजीत सांगितलं. सावंत नालासोपाऱ्याहून आले. त्यांच्यासोबत आलेल्या कुणीतरी आईशेजारी बसून हळू आवाजात विचारलं, "ताई रक्त तपासायच्या ना हो?"

"नाय," आई म्हणाली. "न आयलेल्या पावण्याची तयारी बघी." आणि त्या माणसाला तिने सगळं सांगितलं, व्ही, डी, जे आणि उंदीर धरून. तो दीड तास उठू शकला नाही.

पुढच्या शनिवारी जायचं की नाही, मला कळत नव्हतं. दोघींच्या मध्ये बसायला मला ठेवलं होतं. आता दोघी नव्हत्या. तरी गेलो. राणेकाकूंच्या सुनेने बांगड्याचं तिखलं करून ठेवलं होतं. मी आईच्या समोर पाट ओढला.

"थंय नको," आई म्हणाली. "तुझ्या जाग्यार बस. मधी."

मी मध्ये बसलो. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला भिंतीपर्यंत मोकळी जागा. बाई शिकवायच्या ते मला आठवलं. जोडताना तिघं एकदम येत नाहीत. आधी डी आणि जे जुळतात. दोघे तसेच थांबतात. व्ही मागाहून येते.

हे मी आईला सांगितलं. मी आपणहून एवढं बोलल्याचं पाहून तिने भाताचा चमचा खाली ठेवला.

"म्हणजे येळ लागता तिका?"

"लागतो."

"लागतलोच," आई म्हणाली. "वर कोणीतरी इचारल्यानी असतला, तुझी आय काय करी? आता बसला असतला सांगत. तेवीस ना ता." मग तिने माझ्या पानात सार वाढलं, आणि वर कुठल्याच पाककृतीत नसलेली कसलीतरी चिमूट टाकली. "तू जेव. थंडगार झाला."

मी पाणी मागितलं नाही.